स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस खोलली : सुट्या भागांच्या विक्रीच्या नोंदी

२९ नोव्हेंबर २०२४

गाडी आज घरी आणली. पुढे ट्रॅक्टर, मध्ये साखळी, मागे स्टिअरिंगवर मी. समुद्रपूर रस्त्यावर बारा दिवसांपूर्वी रात्री साडेनऊला डाव्या धुऱ्यावरून रोही (नीलगाय) आडवा आला. ब्रेक दाबला, पण अंतरच उरलं नव्हतं. डावा हेडलाइट फोडून तो बॉनेटवर आला, काचेवर आणि तिथून छप्पर धरणाऱ्या डाव्या खांबावर आदळला. रोही जागीच गेला. मला खांद्याला मुका मार बसला, तेवढ्यावर निभावलं. वनरक्षकांना कळवलं, पंचनामा झाला, पोलीस स्टेशनला नोंद झाली. गाडी आजपर्यंत तिथल्याच एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या आवारात उभी होती.

गाडी २००५ ची स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस. १७८१ सीसी, टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), वीस व्हॉल्व्ह, दीडशे घोड्यांची ताकद, पाच गिअर. आपल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जुळलेली. २०१६ मध्ये नागपुरातून घेतली तेव्हा गावात लोक म्हणाले, एवढ्या पैशात चांगली बोलेरो आली असती. आली असती, खरं आहे. पण मला हीच पाहिजे होती.

नागपूरच्या डेंटिंगवाल्याने येऊन पाहिलं. डावा चेसिस मेंबर (खालच्या सांगाड्याचा दांडा) दुमडला आहे, खांब आत आला आहे, दार लागत नाही. ते म्हणाले, ‘सरळ करून देतो भाऊ, पण शंभराच्या वर चालवाल तेव्हा माझं नाव घेऊ नका.’ विमा फक्त थर्ड पार्टीचा, दुसऱ्याच्या नुकसानीपुरता. म्हणजे विषय संपला.

कबाडीवाले अडतीस हजार देतो म्हणतात, आहे तशी उचलून. त्या रात्री गाडी धडकेनंतर आपोआप बंद पडली तोवर इंजिनाला काही म्हणजे काही झालं नव्हतं. ते इंजिन लोखंडाच्या भावात द्यायचं माझ्याने होत नाही. म्हणून ठरवलं, स्वतः खोलायची आणि भाग नीट तपासून विकायचे.

३० नोव्हेंबर

कागदं आधी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे गाडी कायमची निकामी झाली तर मालकाने चौदा दिवसांत नोंदणी कार्यालयाला कळवायचं असतं. अर्ज वर्ध्याला २७ तारखेलाच दिला आहे, आरसी सोबत जोडून. गाडीवर कर्ज नाही आणि ती चोरीची नाही, हे दाखवणारी कागदंही लावली. रद्द झाल्याचा आदेश हातात येईपर्यंत एक नटही विकायचा नाही. गाडी तुकड्यांनी विकली गेली आणि कागदावर मात्र जिवंत राहिली, तर उद्या तिचा नंबर कुठे आणि कशावर लागेल याची शाश्वती नसते.

१ डिसेंबर

आज फक्त वही घेतली आणि नियम लिहिले. पाच वर्षांपूर्वी मी याच गाडीसाठी एका ठिकाणाहून जुना टर्बो मागवला होता. फोनवर ‘एक नंबर माल’. आला तेव्हा शाफ्ट इतका हलत होता की पंख्याची पाती घराला (भोवतीच्या कवचाला) घासून बोथट झालेली. पैसे परत मिळाले नाहीत, आणि त्या टर्बोच्या नादात ऐन खरिपात दीड महिना गाडी उभी राहिली. तेव्हा कळलं की दूरवरून भाग घेणाऱ्याच्या हातात काहीच नसतं. त्याला मिळतो तो फोटो आणि विकणाऱ्याचा शब्द.

म्हणून प्रत्येक भागाला चिठ्ठी. तिच्यावर भाग कोणता, कुठून काढला, कसा तपासला, काय मोजलं आणि त्यात काय खोट आहे हे सगळं लिहायचं. खोट सगळ्यात वर आणि मोठ्या अक्षरात. चिठ्ठ्या मुलगी लिहिणार आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं.

दुसरी गोष्ट, जे तपासणं गाडी अखंड असतानाच होतं ते आधी. इंजिन, गिअर, सगळे सेन्सर. एकदा भाग टेबलावर आला की त्याच्याबद्दल नुसते अंदाज उरतात.

४ डिसेंबर

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरात हवा किती दाबली जाते ते, मोजलं. गाडीची बॅटरी धडकेत फुटली होती, म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून लावली, दोन्ही बारा व्होल्टच्याच. चारही कॉइल आणि चारही प्लग काढले, इंजेक्टरचे कनेक्टर सोडले, पुतण्याला अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला सांगितलं आणि स्टार्टर फिरवला.

एक नंबर ११.४ बार. दोन ११.२. तीन ११.५. चार १०.९.

या इंजिनाला सात बारच्या खाली गेलं किंवा सिलिंडरा-सिलिंडरात तीन बारचा फरक आला, तर झीज हद्दीबाहेर समजायची. इथे फरक पॉइंट सहाचा, आणि तोही थंड इंजिनावर. रेडिएटर फुटल्यामुळे गरम करून मोजता आलं नाही, चिठ्ठीत तसं लिहिलं. चारही वेळा गेजचा फोटो घेतला, मागे त्या दिवसाचं वर्तमानपत्र धरून.

पुतण्या म्हणाला, ‘काका, एवढी चांगली मशीन अन तुम्ही खोलून राहिले.’ त्याला उत्तर दिलं नाही. माझ्याने बोलवेना.

५ डिसेंबर

पातळ पदार्थ काढले. पेट्रोल सोळा लिटर निघालं, ते दोन मोटारसायकलींना आणि फवारणीच्या पंपाला जाईल. ऑइल काढून वेगळ्या कॅनमध्ये ठेवलं.

ब्लॉकमध्ये उरलेलं गुलाबी कूलंट दोन लिटरच्या आसपास होतं. आमच्याकडे कोठ्यात दोन बैल, एक गाय आणि शेळ्या आहेत. कूलंट गोड लागतं, जनावर आवडीने चाटतं आणि त्याने मूत्रपिंडं जातात. खाली सांडलेलं मातीसकट खरवडून काढलं, कॅनचं झाकण घट्ट लावून माळ्यावर ठेवला. सालदार भाऊंना दोनदा बजावलं. घरी गाडी खोलणाऱ्यांपैकी कितीजण याचा विचार करतात, देव जाणे. कोठ्याशेजारी काम करणाऱ्याने तरी आधी हेच करावं.

६ ते १८ डिसेंबर

कापसाची दुसरी वेचणी. बाया मिळत नव्हत्या, मिळाल्या तेव्हा सगळं सोडून वावरात. गाडीवर ताडपत्री. एकच चिंता उंदरांची. कापूस घरात आला की उंदीर येतात, आणि वायरिंगचं वेष्टण त्यांना फार आवडतं. इंजिनाची वायरिंग रात्री ट्रॅक्टरच्या उजेडात काढून घेतली, गुंडाळून पत्र्याच्या पेटीत बंद केली.

१९ डिसेंबर

नोंदणी रद्द झाल्याचा आदेश मिळाला. दहा झेरॉक्स काढल्या. प्रत्येक मोठ्या भागासोबत एक जाईल.

२२ डिसेंबर

टर्बो आणि त्याच्या आसपासचं. हा के-०३ जातीचा छोटा टर्बो, म्हणूनच गाडी खालच्या फेऱ्यांवरही लगेच उठायची. उतरवायला सहा तास गेले, त्यातले चार एका गंजलेल्या नटात.

आधी फसलेलो असल्यामुळे तपासणी सावकाश केली. बोटांनी शाफ्ट धरून आडवा हलवला तर थोडा हलतो. हा शाफ्ट तेलाच्या पदरावर तरंगत फिरतो, त्यामुळे एवढी हालचाल असतेच. बघायचं ते दोन गोष्टींत. आत-बाहेर ढकलून पाहिला तर काहीच जाणवलं नाही पाहिजे. आणि आडवा पूर्ण दाबूनही पातं घराला टेकलं नाही पाहिजे. दोन्हींत ठीक. पण कॉम्प्रेसरच्या एका पात्याच्या टोकाला बारीक टवका आहे, तिळाएवढा. एअर फिल्टरमधून कधीतरी खडा गेला असावा, माझ्या आधीच्या मालकाच्या काळात किंवा माझ्याच. नखाने चाचपडलं की लागतो, डोळ्याला उजेड तिरपा पडला तरच दिसतो.

मुलीने चिठ्ठीत पहिल्या ओळीत लिहिलं : ‘एका पात्याला तिळाएवढा टवका आहे.’ मग विचारलं, ‘बाबा, दिसत तर नाही. लिहायचंच का?’ म्हटलं, लिहायचंच. हा पंखा मिनिटाला लाखाच्या घरात फेरे घेतो. समोरच्याने घेताना विचार करून घ्यावा.

ऑइलच्या डिपस्टिकची नळी काढताना वरचं नारिंगी प्लास्टिकचं नरसाळं बोटांत भुगा झालं. दाबलंही नव्हतं, नुसतं धरलं होतं. वीस वर्षांची इंजिनाची उष्णता आणि आपल्याकडचा मे महिना, त्यात या गाड्यांचं हे नरसाळं असंच जातं. भुग्याचे तुकडे नळीत पडू नयेत म्हणून आधी तोंडाला कापड कोंबायला हवं होतं. नाही कोंबलं. दोन तुकडे खाली गेले. आता सम्प (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवल्याशिवाय गत्यंतर नाही.

२४ डिसेंबर

सम्प उतरवला. तुकडे सापडले, दोन्ही तळाशी.

आणि ऑइल पंपाची चाळणी पाहायला मिळाली, ते बरंच झालं. या १.८ टर्बोचं मरण बहुतेक वेळा इथून सुरू होतं. टर्बोजवळ तेल भाजतं, त्याचा काळा कोळसा होतो आणि तो कण-कण करून चाळणीच्या जाळीवर बसतो. जाळी चोंदली की तेलाचा दाब पडतो, आधी टर्बो जातो, मग कॅम, मग बेअरिंग. माझी चाळणी उलटी करून उन्हात धरली. जाळीची तार न तार दिसत होती. कडेला कोळशाचे सात-आठ कण, मोहरीएवढे. बस.

आठ वर्षं सिंथेटिक ५डब्ल्यू-४० ऑइल, दर सात हजार किलोमीटरला. लोक म्हणायचे पंधरा हजार चालतं, कशाला पैसे घालतो. गाडी लांब पळवून आणली की लगेच बंद न करता मिनिटभर तशीच चालू ठेवायचो, ते वेगळं. हे सगळं फोटोसकट इंजिनाच्या चिठ्ठीत गेलं. इंजिनाच्या चिठ्ठीला आता तीन पानं झाली आहेत.

२९ डिसेंबर

टर्बोला गिऱ्हाईक, पुण्याचे. त्याआधी नागपूरहून एकाचा फोन होता : ‘भाऊ, फायनल किती? टवका आहे म्हणता तर निम्म्यात द्या न.’ निम्म्यात नाही दिला. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, ‘टवका तुम्ही स्वतःहून सांगितला म्हणून घेतो आहे.’ बावीस हजारांत ठरला.

पॅकिंग करताना बाबा बाजूला बसले होते. म्हणाले, ‘घरात कापूस क्विंटलानं पडला हाये, अन तू टेप कायले गुंडाळून राहिला? कापूस भर न त्याच्यात.’ त्यांना टर्बोचं तेल येण्याचं भोक दाखवलं, करंगळीही जात नाही असं. म्हटलं, बाबा, कापसाचा एक धागा जरी यात गेला तरी तेल अडलं, आणि तेल अडलं की पहिल्या दिवशी शाफ्ट जळाला. त्यांनी भोकात डोळा लावून पाहिलं, बराच वेळ. मग स्वतः उठून खताच्या पिशवीचं जाड प्लास्टिक आणून दिलं. सगळ्या भोकांना प्लास्टिक, त्यावर टेप, मग रबरी चटईत गुंडाळी, मग लाकडी खोका. कापूस खोक्याच्या बाहेरच्या बाजूला, गोणपाटाखाली. बाबांचाही मान राहिला.

हिंगणघाट स्टँडवरून एसटीच्या पार्सलने गेला.

३ जानेवारी २०२५

चाकांचे फोन सगळ्यात जास्त. दिवसाला पाच-सहा. त्यातले निम्मे स्कोडा लॉराचे मालक. त्यांना नाही म्हणावं लागतं. या जुन्या ऑक्टाव्हियाच्या चाकाला पाच बोल्ट, १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर. लॉराचे पाच बोल्ट ११२ च्या वर्तुळावर. एकाने विचारलं, भोकं थोडी वाढवून बसतील का. अजिबात नाही. चाक त्या पाच बोल्टांवर उभं असतं, तिथे ‘थोडं’ नसतं.

बसतील कुणाला? पोलो, व्हेंटो, रॅपिड, फॅबिया. त्यांचंही वर्तुळ १०० चंच आणि मधलं भोकही ५७.१ चं. तरी यवतमाळचे रॅपिडवाले आले तेव्हा त्यांना म्हटलं, आधी एकच चाक लावून पाहा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण तोडा, आत सस्पेन्शनला कुठे लागतं का बघा. वर्तुळ जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं नसतं, चाक किती आत-बाहेर बसतं हेही जुळावं लागतं. लावलं, तोडलं, कुठे लागलं नाही. चार चाकं चोवीस हजार. एका रिमच्या कडेला खरचटलं होतं, तो फोटो आधीच दाखवला होता.

१२ जानेवारी

माझी चूक. पूर्ण माझी.

इंजिनाचा ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) ८ तारखेला नाशिकच्या एका गृहस्थांना नऊ हजारांत पाठवला. आज त्यांचा फोन. गाडी चालू होते, एक सेकंद चालते आणि बंद पडते. पुन्हा चालू, पुन्हा सेकंदात बंद. मीटरमध्ये चावीचा दिवा लुकलुकतो.

फोन ठेवला तेव्हाच उमगलं. या गाड्यांत ईसीयू, मीटर आणि चावीतली चिप यांचं एकमेकांशी गुपित ठरलेलं असतं. मीटर चावी ओळखतं, ईसीयू मीटरला ओळखतो. तिघांपैकी एक जरी परका निघाला तर इंजिन पेट घेतं आणि लगेच थांबतं. इमोबिलायझर. चोरांसाठी केलेली सोय. मला हे ठाऊक होतं, २०१९ मध्ये चावी हरवली तेव्हा याच गोष्टीसाठी नागपूरला दोन चकरा मारल्या होत्या. तरी ईसीयू एकटा विकला, कारण ‘ईसीयू आहे का’ म्हणून विचारणारा फोन आला आणि मी हो म्हणून मोकळा झालो. चिठ्ठीत ‘चालू स्थितीत’ लिहिलं होतं. ते खरं होतं, पण अर्धंच.

मीटर अजून माझ्याकडे आहे, पण त्याचे दोन हजार आगाऊ अमरावतीच्या एकांकडून घेतलेले. त्यांना फोन केला, सगळं सांगितलं, पैसे परत पाठवले. नाराज झाले, होणारच. नाशिकवाल्यांना मीटर आणि चावी माझ्या खर्चाने पाठवतो म्हटलं, मीटरचे वेगळे पैसे नाहीत. ते म्हणाले, ‘दादा, मीटरचे तर घ्या.’ नाही घेतले. त्यांचा पाच दिवसांचा खोळंबा झाला आणि गॅरेजवाल्याने एवढ्या दिवसांत निष्कारण पेट्रोल पंप बदलला. त्याची भरपाई मीटरने होत असेल तर होवो.

१३ जानेवारी

मीटर पाठवण्याआधी त्यावर चिठ्ठी चिकटवली : या मीटरवर १,६२,३४० किलोमीटर माझ्या गाडीचे आहेत. तुमच्या गाडीचे आजचे किलोमीटर सर्व्हिसच्या वहीत तारखेसकट लिहून ठेवा आणि उद्या गाडी विकाल तेव्हा घेणाऱ्याला दाखवा. फोनवरही सांगितलं. त्यांची गाडी दोन लाखांच्या पुढे आहे. मीटर बदलल्याने तिचं वय कमी होत नाही.

१८ जानेवारी

नाशिकहून व्हिडिओ. चालू झाली, चालू राहिली. संक्रांत होऊन चार दिवस झाले होते, तरी त्यांना तिळगूळ घ्या म्हणून मेसेज केला.

वहीत नवा नियम : ईसीयू, मीटर, चावी हा एकच भाग. सुटा विकायचा नाही.

जानेवारीचा शेवटचा आठवडा

तूर काढणी. फुटकळ विक्री सुरू आहे. उजवा हेडलाइट सहा हजार. चार कॉइलपैकी तीन विकल्या, चौथी गरम झाल्यावर मिसफायर देते असा मला संशय होता म्हणून टाकून दिली. इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा) वाचला, कारण तो उजव्या चाकाच्या पुढे कोपऱ्यात असतो आणि धडक डावीकडे बसली. त्याचे चार हजार. समोरच्या सीट वर्ध्याच्या एका मुलाला, तो त्याच्या खोलीत खुर्ची म्हणून लावणार आहे. पटलं नाही, पण पैसे दिले आणि जपून नेल्या.

एअर मास सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजणारा) विकताना घेणाऱ्याला बजावलं की आतल्या पातळ पट्टीला बोट, कापड, कॉम्प्रेसरची हवा, काहीही लावू नका. धूळ दिसली की गॅरेजमध्ये हवा मारायची सवय असते. ती पट्टी फार नाजूक.

२ फेब्रुवारी

जे विकणार नाही ते आज वेगळं केलं. एअरबॅग उडाल्या आहेत, त्यांचा कॉम्प्युटर, आणि धडकेत ताण घेतलेले दोन्ही पुढचे सीटबेल्ट. बेल्टसाठी तीनदा फोन आले. एकाने तर विचारलं, ‘दिसायला बरा आहे न? आरटीओ पासिंगपुरता पाहिजे.’ माझा खांदा अजून दुखतो. त्या पट्ट्याने मला त्या रात्री धरून ठेवलं, त्याचं काम संपलं. पट्टे मधोमध कापून ठेवले, म्हणजे पुन्हा कुणी मागणार नाही.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंपही न विकण्यातलेच, पण इंजिन तपासून होईपर्यंत ते त्याच्यावरच राहतील. चालू होते, पण जुना टायमिंग बेल्ट लावून कुणी वीस व्हॉल्व्ह वाकवून घ्यावेत, हे मला सोसवणार नाही.

मोटारसायकलवर फिरणारे एक जण ‘सायलेन्सरच्या डब्याचे’ दोन हजार देतो म्हणत होते. तो डबा म्हणजे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, आतल्या मधाच्या पोळ्यासारख्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असतं. खेड्यात लोक तो लोखंडाच्या भावात देऊन टाकतात. दिला नाही. नागपूरला पावतीसकट साडेआठ हजारांत गेला.

९ फेब्रुवारी

इंजिन गेलं.

छत्रपती संभाजीनगरचे गृहस्थ पहाटे निघून समृद्धीने आले, वर्ध्याजवळ उतरून अकराच्या आत दारात. सोबत पिकअप आणि एक मिस्त्री काका. त्यांच्या आरएसचं बेअरिंग गेलं आहे, चाळणी चोंदूनच. नव्या इंजिनाचा नंबर आरसीवर चढवण्याबद्दल ते आधीच त्यांच्या आरटीओत विचारून आले होते. मी फोनवर तशी अटच घातली होती.

इंजिन मी मुद्दाम गाडीतच ठेवलं होतं. मिस्त्री काकांनी चिठ्ठी वाचली नाही, खिशातून स्वतःचं गेज काढलं. योग्यच केलं. पुन्हा ट्रॅक्टरची बॅटरी, पुन्हा चार प्लग. त्यांच्या गेजवर ११.३, ११.१, ११.३, १०.८. मग त्यांनी माझी चिठ्ठी मागितली, आकडे बोटाने एकेक करून पाहिले आणि घडी घालून खिशात ठेवली. गृहस्थांनी एकच प्रश्न विचारला : ‘पाणी गेल्यावर इंजिन किती वेळ चाललं?’ हाच प्रश्न विचारायला पाहिजे. सांगितलं, धडकेबरोबर बंद पडलं, त्यानंतर मी ते पुन्हा चालू केलं नाही, फक्त कॉम्प्रेशनसाठी स्टार्टरने फिरवलं. माझ्या शब्दाशिवाय याला पुरावा नाही, हेही सांगितलं.

ड्राइव्हशाफ्टच्या बोल्टांना बारा कोनी बिट लागतो, तो आमच्याकडच्या एकाही गॅरेजात नव्हता, म्हणून आधीच नागपूरहून आणून ठेवला होता. माउंटिंग सुटली. कडुनिंबाच्या जाड फांदीला चेनकप्पी बांधली. सालदार भाऊ साखळी ओढत होते, मी आणि मिस्त्री काका दोन बाजूंनी धरून. इंजिन गाडीतून वर आलं आणि फांदीखाली हळूहळू गोल फिरू लागलं. खालून पाहिलं तर ब्लॉकवर आठ वर्षांची समुद्रपूर रस्त्याची काळी माती तशीच होती. सालदार भाऊ म्हणाले, ‘एवढुसं हाये न भाऊ, अन केवढं पयायचं.’

पासष्ट हजार. पावतीवर इंजिन नंबर, रद्द केल्याच्या आदेशाची प्रत, आणि तीन पानांची चिठ्ठी. पिकअपमध्ये टायरवर बसवून चारी बाजूंनी दोरखंड आवळला. आईने दोघांना जेवल्याशिवाय जाऊ दिलं नाही. तुरीच्या शेंगांची आमटी आणि भाकर.

२ मार्च

चेसिस नंबर असलेला पत्रा आरटीओने सांगितल्याप्रमाणे कापून जमा केला. उरलेला सांगाडा कबाडीवाल्यांना, पावतीवर, एकवीस हजारांत. क्रेनने उचलला तेव्हा बाबा ओट्यावरून उठून आत गेले. त्यांना त्या गाडीतून सेवाग्रामला दवाखान्यात नेलं होतं, रात्री दोन वाजता. त्याबद्दल ते कधी बोलले नाहीत, आजही नाही.

२० मार्च

हिशेब, आजवरचा. विक्री १,९४,००० रुपये. खर्च (बिट, पॅकिंग, पार्सल, नाशिकचा भुर्दंड, चकरा) १७,५०० च्या आसपास. कबाडीवाल्यांच्या अडतीस हजारांशी तुलना केली तर फायदा मोठा आहे, पण त्यात माझे आणि पुतण्याचे चाळीसेक दिवस गेले. ज्याला वावर नाही, जागा नाही आणि घरच्यांचा धीर नाही, त्याने अखंड गाडी द्यावी. मला मात्र पुन्हा करावं लागलं तर असंच करीन.

३० मार्च, पाडवा

खोली झाडून घेतली, हरभऱ्याचे कट्टे आत आले. गाडीतलं उरलं ते एका कोपऱ्यात : गिअरबॉक्स, मागची दोन दारं, स्टिअरिंग रॅक, वायपरची मोटर. गिअरबॉक्सच्या चिठ्ठीत मुलीने लिहिलं आहे, ‘दुसऱ्या गिअरला थंडीत सकाळी पहिली पाच मिनिटं कुरकुर.’ त्यामुळे दोन गिऱ्हाइकं परत गेली. तिसरे शुक्रवारी येतो म्हणालेत.

दुपारी संभाजीनगरहून फोन. इंजिन बसलं, नंबर आरसीवर चढला, सहाशे किलोमीटर झाले. ऑइल कोणतं घालू विचारत होते, ते चिठ्ठीत आहे, तरी पुन्हा सांगितलं. सात हजारांवर बदला, आणि पुढे कधी सम्प उतरवाल तेव्हा चाळणीचा फोटो पाठवा म्हटलं. हो म्हणाले, नक्की पाठवतो.